व्याह्यांच्या गावचा डोळा

प्रिय सारथी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसून, पाठीला उशी लावून, ताठ मानेने केलेला आहे असं समज. अक्षर पाहून दचकू नकोस. माझं अक्षर इतकं सुवाच्य जन्मात नव्हतं. मी सांगतो आहे आणि ही लिहिते आहे, कारण उजव्या डोळ्यात अजून टाके आहेत आणि डावा, तुला ठाऊकच आहे, लहानपणापासून कामचुकार. त्याला मालट्रक आणि जवळचे नातेवाईक तेवढे दिसतात. (ही म्हणते, नातेवाईकही सोयीचे असतील तरच. हे मी सांगितलेलं नाही, तिने आपलं आपण घातलं आहे.)

तुझी पाठ कशी आहे? वहिनींचे गुडघे? तुझ्या सासऱ्यांचा दमा? हे प्रश्न विचारताना मला केवढं सुख होतंय याची तुला कल्पना येणार नाही. मध्यंतरी कुणाच्याही तब्येतीची चौकशी करायची मला चोरी झाली होती. ते सगळं सांगण्यासाठीच हे पत्र. तुला त्यातलं अर्धं ठाऊक आहे, पण ते अर्धं तू गावभर तुझ्या पद्धतीने तिखटमीठ लावून सांगत सुटला आहेस असं कानावर आलं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. रागाने नव्हे हो. तुझा मला अभिमानच आहे. मोटार चालवायला मी आजवर गावातली निम्मी माणसं शिकवली असतील, पण गावची शववाहिनी चालवणारा त्यांच्यात तू एकटा. आणि तुझ्या गाडीतला मुख्य प्रवासी आजवर एकदाही तक्रार घेऊन परत आलेला नाही, हे माझ्या शिकवणीचं केवढं मोठं प्रशस्तिपत्र आहे! (सोबत बसलेल्या मंडळींनी मात्र एकदोनदा तक्रार केली आहे, की ड्रायव्हर बोलायचा थांबत नाही.)

तर डोळ्याचं असं झालं. माझ्याकडे एक मेट्रनबाई गाडी शिकायला यायच्या. रुग्णालयात म्हणे त्यांची चाहूल लागली की नर्सेस भिंतीला चिकटून उभ्या राहतात, पण स्टिअरिंग हातात आलं की बाईंना डावं-उजवं सुचेनासं व्हायचं. एके सकाळी मी म्हटलं, बाई, मागे घ्या. बाईंनी पुढे घेतली, आणि गाडी सरळ एका बंगल्याच्या कुंपणावरच्या बोगनवेलीत. मी ब्रेक दाबला (माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे म्हणूनच मी हे पत्र सांगायला शिल्लक आहे), गाडी थांबली, पण बोगनवेल थांबली नाही. एक फांदी उघड्या खिडकीतून आत आली आणि तिच्या काट्याने माझ्या उजव्या डोळ्याची ओझरती भेट घेतली. मेट्रनबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. घरी आलो तर हीही तेच म्हणाली. मी म्हटलं, एवढ्याशा काट्याचा काय बाऊ करायचा! घरात कुणाचे तरी उरलेले थेंब होते, ते घातले. ते कानाचे होते हे मागाहून कळलं. व्हायचं ते झालं. जखम चिघळली, मग धावाधाव, डोळा राहिला पण काळ्या बुबुळावर पांढराशुभ्र डाग उरला. याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणं म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं तो फार रसिक माणूस असावा, आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यात ते खात्रीने पडलेलं नसावं. फुलातून जग कसं दिसतं म्हणशील, तर अंघोळीच्या वाफेने धुरकटलेल्या आरशात आपलं तोंड दिसतं तसं. चष्म्याचा काही उपयोग नाही. आपलीच काच पांढरी झाल्यावर तिच्यापुढे दुसरी काच धरून काय होणार?

तरी काही महिने मी धंदा रेटला. एकदा एका शिकाऊ गृहस्थांना म्हटलं, त्या पांढऱ्या खांबापाशी गाडी उभी करा. त्यांनी हॉर्न वाजवला आणि खांब शिव्या देत रस्ता ओलांडून पलीकडे गेला. दातांचे डॉक्टर होते, पांढऱ्या कोटातले. त्या दिवशी घरी येऊन मी गाडीची किल्ली हिच्या हातात दिली आणि जेवलो नाही. (जेवले. पण कमी जेवले.) त्याच सुमारास लेकीचं लग्न झालं. तिथे व्याही समजून मी फोटोग्राफरला कडकडून मिठी मारली आणि गहिवरून म्हटलं, माझी पोर सांभाळा. तो बिचारा हो म्हणाला. खरे व्याही शेजारीच हात पुढे करून उभे होते. तेव्हापासून सगळी व्याही मंडळी मी आवाजावरून आणि रंगीत ठिपक्यांवरून ओळखत आलो.

आपल्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हुशार. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही. मृत माणसाच्या घरच्यांनी डोळे दान केले, की त्यातलं स्वच्छ बुबुळ घ्यायचं आणि तुमच्या डागाच्या जागी शिवायचं. घड्याळाची काच बदलतात तसं. यंत्र आहे, खोली आहे, मी आहे. अडचण एकच, आपल्या गावात डोळे येत नाहीत. त्यावर ही पटकन म्हणाली, "असं कसं म्हणता? गेल्या उन्हाळ्यात अख्ख्या आळीला आले होते! आमच्याकडे तर सगळ्यांनाच, चोळूनचोळून लाल झाले होते." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी माझं नाव यादीत घातलं. यादीत माझ्या आधी असलेले एक आजोबा बाकावर भेटले. त्यांनी नाव घातलं तेव्हा त्यांच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. आता नातू त्यांचा हात धरून तपासणीला आणतो. मी मनात म्हटलं, आपल्या लेकीचं आत्ताच तर लग्न झालंय.

आणि गंमत बघ. तोच रस्ता धरून सरळ गेलं की व्याह्यांचं गाव. माणसं तीच, भाषा तीच, बसमधली भांडणं तीच. पण तिथे म्हणे इतके डोळे मिळतात, की त्यांच्या गावाला पुरून बाहेर पाठवतात! लेकीने फोनवर सांगितलं, बाबा, तुम्ही इकडेच या, इथल्या रुग्णालयात नाव घाला, फार थांबावं लागत नाही. मात्र बोलावलं की लगेच हजर हवं, म्हणून इथेच राहा. आता लेकीच्या सासरी जाऊन मुक्काम ठोकायचा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. सकाळी चहा किती घ्यायचा इथपासून पंचाईत. पण ही म्हणाली, लाज डोळ्यात असते, आणि तुम्हाला डोळाच नाही, चला. निघालो.

व्याह्यांचं घर तिघांचं अधिक लेक-जावई. व्याही पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीचं कारण ते पाण्यात शोधतात. विहीणबाई शिस्तीच्या. आणि व्याह्यांच्या आई, ज्यांना सगळे मोठ्या आई म्हणतात, नव्वदीला टेकलेल्या. आवाज असा, की खोलीत त्या बोलल्या की मी बाहेरच्या ओट्यावर सावरून बसायचो. या घरात सगळ्यांनी नेत्रदानाचं ठरवून ठेवलेलं, आणि ते इतक्या सहज बोलायचे, की जसं आपण जुन्या रद्दीचं बोलतो. पहिल्याच जेवणात व्याही म्हणाले, "आमच्या वडिलांचे दिले, काकांचे दिले, समोरच्या शिंपीकाकांचे तर मी स्वतः फोन करून दिले." मी घास गिळला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, मोठ्या आईंची तब्येत कशी असते हल्ली?

पंक्तीत एकदम शांतता. मला दिसत नव्हतं, पण शांतता ऐकू येते. मग विहीणबाईंचा आवाज आला, "तशी ठणठणीत आहे हो. अजून बराच काळ काही नाही." आणि ही टेबलाखालून मला चिमटा काढती झाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे बाबा, तू इथे कशासाठी आला आहेस हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तू एका नव्वदीच्या बाईची तब्येत विचारतो आहेस!

झालं. तिथून माझे हाल सुरू झाले. सकाळी बागेत फिरायला जायचो तर तिथली म्हातारी मंडळी मला पाहून भराभर चालायला लागायची, आम्ही अजून किती तरतरीत आहोत ते दाखवायला. एकांना सहज "काय, बरं आहे ना?" म्हटलं, तर म्हणाले, "हो, आहे बरं. तुमची निराशा केली." एकांना शिंक आली, मी गप्प बसलो, तर ते दुसऱ्याला म्हणाले, बघा, साधी विचारपूसही करत नाही, मनात आहेच काहीतरी. विचारलं तरी फसतो, न विचारलं तरी फसतो. केस कापायला गेलो, तर न्हावी कात्री थांबवून म्हणाला, आमच्या गावचे डोळे तुम्ही परगावचे लोक का नेता? खुर्चीत मान अडकलेली, गळ्याशी फडकं. अशा वेळी माणसाने कुठल्याही प्रश्नाला "बरोबर आहे तुमचं" म्हणावं. मी तेच म्हटलं. पण मित्रा, खरं सांगतो, ओट्यावर बसल्याबसल्या मला स्वतःचीच किळस यायची. फोनची वाट बघायची म्हणजे कशाची वाट बघायची? कुणाच्या तरी घरात रडारड होईल तेव्हाच माझ्या घरात पेढे. हा हिशोब कसाही मांडला तरी माझ्या मनाला पटेना. मी कमी बोलायला लागलो. (ही म्हणते, ते दिवस तिला फार बरे गेले.)

एका दुपारी मोठ्या आईंनी मला हाक मारली. समोर बसवलं. "तुम्ही माझी तब्येत विचारणं का सोडलंत?"

मी काहीतरी चाचरत बोलायला गेलो.

"मला कळतं सगळं," त्या म्हणाल्या. "घरात सगळे उठतात, आपापल्या कामाला जातात. कसं वाटतंय म्हणून कुणी विचारत नाही, कारण मी ठणठणीत आहे असं यांनी आपसांत ठरवून टाकलंय. तुम्ही एक पाहुणे आलात विचारणारे, तर तुम्हालाही गप्प बसवलं. रोज विचारत जा. मी सांगेन. आणि माझ्या डोळ्यांवर टपून बसू नका, मला घाई नाही."

"नाही हो, टपून कसला," मी म्हटलं, "मला तर तुम्ही नीट दिसतसुद्धा नाही."

"मग तर विचारायलाच हवं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी चहाच्या आधी जाऊन विचारायचो, आज कसं आहे? आणि मोठ्या आई डोक्यापासून सुरुवात करून पायांच्या नखांपर्यंत यायच्या. मानेतली कळ, पोटातला गुबारा, डाव्या पायाला येणाऱ्या मुंग्या आणि त्या उजव्या पायाला का येत नाहीत याची चर्चा. गुडघ्यापर्यंत पोचेतो चहा गार व्हायचा. मग त्या विचारायच्या, तुमचं फूल काय म्हणतंय? मी सांगायचो. असं आमचं छान जमलं. व्याही म्हणायचे, आईला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नाही. बहुतेक नळाचं पाणी बदललंय.

आणि एके दिवशी चहाची वेळ झाली, मी गेलो, विचारलं, आज कसं आहे? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पलंगावरचा पांढरा ठिपका हलेना. मी विहीणबाईंना हाक मारली. त्यांनी हलवलं, गालावर थापट्या मारल्या, कानाशी ओरडल्या. काही नाही. व्याही धावत आले, नाडी शोधू लागले, पण मनगटाच्या भलत्याच बाजूला, तेव्हा ती त्यांना कुठून लागणार. मग ते खुर्चीत बसले आणि एकदाच "आई" म्हणाले. त्यानंतर मात्र त्या घराची शिस्त जी काही कामाला लागली म्हणतोस! पंखा बंद झाला. डोक्याखाली जादा उशी गेली. पापण्या मिटवून वर ओल्या कापसाचे बोळे. म्हणजे बुबुळं सुकू नयेत म्हणून. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात ना. विहीणबाई रडत होत्या आणि रडतारडता कापूस पिळत होत्या. जावयाने नेत्रपेढीला फोन केला. डॉक्टरला फोन करायचा कुणाला सुचलंच नाही.

मी दाराशी उभा. माझ्या मनात आता तो विचार येणार, डोळ्याचा, अशी मला धास्ती वाटत होती. मी त्याची वाटच बघत होतो म्हण ना, आला की त्याला हाकलायला. पण तो आला नाही. मनात आलं ते एवढंच, की उद्या चहाच्या आधी मी करू काय? आणि माझ्या दोन्ही बिनकामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाण्यापुरते ते व्यवस्थित चालतात.

इतक्यात पलंगावरून आवाज आला, "पंखा कुणी बंद केला?"

घरात किंकाळी झाली. कुणाची ते विचारू नकोस. (ह्यांची.) मोठ्या आई उठून बसल्या, डोळ्यांवरचे बोळे काढून हातात घेतले आणि म्हणाल्या, "हे काय?" खुलासा होता तो असा, की सर्दी झाली म्हणून त्यांनी जावयाच्या कपाटातली गोळी स्वतःच्या अधिकारात घेतली होती, तिने गाढ झोप लागली, आणि कानातलं यंत्र झोपताना काढून ठेवलं होतं. व्याही त्यांच्या पायाशी बसून हसत होते की रडत होते ते मला आवाजावरून कळेना. मोठ्या आई म्हणाल्या, "काम नीट केलंत, कापूसही चांगला पिळला होता. फक्त माणूस गेलंय की नाही ते आधी बघत जा. तुमचा क्रम चुकला."

तोवर दारात नेत्रपेढीच्या बाई पेटी घेऊन हजर. सोबत डोळे काढणारा डॉक्टर. त्यांना मोठ्या आईंनीच दार उघडलं. तो तरुण डॉक्टर दोन पायऱ्या मागे सरकला. बाई मात्र शांत होत्या; म्हणाल्या, असं झालं तर उलट बरं वाटतं हो. मोठ्या आईंनी त्यांना हात धरून आत आणलं, आता एवढ्या आलात तर चहा घेऊनच जा.

चहा झाला आणि मी त्या बाईंना माझ्या मनातला प्रश्न विचारला. तोवर मी तो पुष्कळांना विचारून झालो होतो. तुमच्या गावात एवढे डोळे मिळतात आणि आमच्या गावात का नाही? व्याही म्हणाले होते, पाण्याचा गुण. विहीणबाई म्हणाल्या होत्या, संस्कार. आपल्या गावच्या किराणावाल्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, त्या लोकांना दुसरी करमणूक नाही. बाई म्हणाल्या, "यातलं काही नाही. पूर्वी इथेही कुणी देत नव्हतं. मी तेव्हा घरोघरी चादरी विकायची. दारात उभं राहून विचारायची सवय होती. मग नेत्रपेढीत लागले आणि इथेही तेच करायला लागले. कुणी गेल्याचं कळलं की जायचं, बसायचं, जरा वेळाने विचारायचं."

"आणि लोक हो म्हणतात?"

"आधी हाकलून द्यायचे. एकदा तर अंगावर बादलीभर पाणी ओतलं. आता बरेच हो म्हणतात, काही अजूनही हाकलतात. लोकांना द्यायचं नसतं असं नाही हो. घरात माणूस गेलेलं असताना कुणाला आठवणार? कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. तुमच्या गावात कोण विचारतं?"

मी बरंच आठवून पाहिलं. आपल्याकडे डॉक्टरीणबाई यंत्रापाशी बसून डोळ्यांची वाट बघतात, यादीतले आजोबा बाकावर बसून डॉक्टरीणबाईंची वाट बघतात, आणि मधल्या वाटेने तुझी गाडी रोज चाललेली असते. विचारत कुणीच नाही. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे ते खातं अजून उघडायचं आहे.

पुढे लवकरच एका सकाळी रुग्णालयातून फोन आला, डोळा आलाय, तपासण्या झाल्यात, निघा. मोठ्या आईंना जरा रागच आला. "माझ्यासाठी थांबला नाहीत?" म्हणाल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शस्त्रक्रिया जागेपणीच करतात. डोळा तेवढा बधिर, बाकी माणूस जागा. सर्जन वयाने आमच्या जावयाएवढा. चेहऱ्यावर हिरवं कापड, वर झगझगीत दिवा, आणि तो सहकाऱ्याला सांगतोय, आता हळू, आता वळव, आता थोडं पुढे. मला काय वाटलं कुणास ठाऊक, जन्मभराची सवय, माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबू लागला. सर्जन म्हणाला, "काका, पाय." मी म्हटलं, "माफ करा, तुम्ही वळणावर जरा जोरात घेतलंत असं वाटलं." शेवटी एका नर्सने माझा पाय शेवटच्या टाक्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला. सर्जन मात्र निष्णात निघाला. एकदाही गचका बसला नाही. त्याला मी तिथल्या तिथे पास केलं.

पट्टी सोडली तेव्हा सगळं एकदम लख्ख दिसतं असं सिनेमावाले दाखवतात, ते खोटं. आधी नुसता उजेड, मग उजेडात आकार, मग रोज थोडं थोडं, धुकं विरत जावं तसं. टाके काढेपर्यंत वर्ष जाईल, थेंब त्याहून जास्त. (या वेळी डोळ्यांचेच आहेत, ह्यांच्याऐवजी मी वाचून घेतलेत.) पण मी व्याह्यांना पाहिलं. इतक्या दिवसांचे नातेवाईक, आणि पहिली भेट! आवाजावरून मी त्यांना धिप्पाड समजत होतो. ते माझ्या खांद्याला लागतात, आणि त्यांना मिशा आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उठून त्यांना लग्नात राहिलेली मिठी मारली. मग मोठ्या आई आल्या. एवढा मोठा आवाज ठेवायला इतकी लहान बाई कशी पुरली असेल! त्या माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "दिसतेय का?" मी म्हटलं, "दिसताय." त्यांनी बराच वेळ माझ्या डोळ्यात पाहिलं, आणि म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू आहे. फालतू गोष्टी बघण्यात घालवू नका."

डोळा कुणाचा, ते सांगत नाहीत. मी विचारलंही नाही. पण हल्ली फिरायला जातो तेव्हा या गावातल्या प्रत्येक दाराकडे बघून मनातल्या मनात मान लववतो (वाकायचं नाही म्हणून मनातल्या मनात), कारण यातल्या कुठल्या तरी घरातली एक खुर्ची रिकामी आहे, आणि त्या घरातल्या कुणीतरी रडू आवरून हो म्हटलेलं आहे. बागेतल्या म्हाताऱ्यांनाही आता मी बिनदिक्कत विचारतो, काय, बरं आहे ना? तेही आता खरं सांगतात, आणि त्यात बराच वेळ जातो.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. आम्ही टाक्यांची पुढची तपासणी झाली की परत येतो आहोत. पत्राचं उत्तर लवकर दे, आणि मोठ्या अक्षरात दे.

तुझा,
मास्तर

ता. क. एक किरकोळ काम सांगायचं राहिलं, म्हणजे खरं तर त्यासाठीच एवढं लांबलचक सांगत बसलो. गावात कुणी गेलं की पहिला फोन तुला येतो. नातेवाईकांच्याही आधी येतो. तू नाहीतरी गप्प बसत नाहीस. तर गाडी काढण्याआधी घरच्यांना एवढंच विचारायचं, डोळे देता का? चेहरा जसाच्या तसा राहतो, चष्मा असला, वय झालं असलं तरी चालतं, आणि दोघांना दिसतं. हो म्हणाले की पंखा बंद, ओला कापूस, आणि डॉक्टरीणबाईंना फोन. तू हे करणार असं मी डॉक्टरीणबाईंना परस्पर कळवून टाकलं आहे. त्या सोमवारी तुला गाठतील. पळू नकोस.

ता. क. २. धीर होत नसेल तर आधी माझ्यावर सराव कर. कधीतरी तुला माझ्याही दारात गाडी लावायची आहेच (घाई नाही). तेव्हा हिला न लाजता विचार. ही आत्ताच हो म्हणाली आहे, जरा जास्तच पटकन म्हणाली असं मला वाटलं. उसना डोळाही पुढे देता येईल का, ते नेत्रपेढीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते त्या वेळी बघू.

ता. क. ३. भावजी, हे मी माझं लिहिते आहे. ह्यांना अजून बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून बारीक लिहिते. ह्यांनी सांगितलंय तेवढं ते सोपं नाही. काल मी त्या बाईंबरोबर एका घरी गेले होते. ह्यांना वाटतंय मी भाजी आणायला गेले. त्या घरात कुणी आमच्याकडे बघेना. बाईंनी विचारलं, तर मोठा मुलगा नाही म्हणाला आणि आत निघून गेला. त्यांनी दिलेलं पाणी आम्ही प्यायलो, चपला घातल्या आणि आलो. मला रडू आलं, बाईंना आलं नाही. त्या म्हणाल्या, नाही म्हटलं तर उठून यायचं, एवढंच. रस्त्यात होतो तेवढ्यात मागून त्या घरातली धाकटी लेक अनवाणी धावत आली. दादाला मी समजावलं, चला, म्हणाली.

तेव्हा तुम्ही घाबरू नका. पहिल्या वेळी मी तुमच्याबरोबर येईन. गाडीत पुढे, तुमच्या शेजारी, एक जागा असते ना?